सोयाबीन, ढेप आणि संत्रा: निअर-इन्फ्रारेड यंत्र एकच पुरेल का?

प्रश्न (शेतकरी उत्पादक कंपनी, कारंजा, जि. वाशीम)
नमस्कार. खरेदीच्या वेळी सोयाबीनचा ओलावा, तेल व प्रथिने आणि पुढे सरकीची ढेप व संत्र्याचा गोडवा तपासण्यासाठी आम्हाला निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोमीटर (मालावर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकून, तो किती शोषला गेला यावरून घटकांचा अंदाज देणारे यंत्र) घ्यायचा आहे. एक विक्रेता 900 ते 1700 नॅनोमीटर तरंगलांबीच्या पल्ल्याचे हातात धरण्याचे यंत्र दाखवतो, दुसरा 2500 पर्यंतचे टेबलावरचे. मोठा पल्ला घेतला म्हणजे तिन्ही कामे होतील का? भुईमुगातील अफ्लाटॉक्सिनही (बुरशीचे विष) यावर कळते, हे खरे आहे का?

उत्तर 1 (धान्य तपासणी प्रयोगशाळा, अमरावती)
भाऊ, पल्ल्याच्या आधी माल यंत्रासमोर कसा ठेवणार, हे ठरवा. सोयाबीन अख्खे तपासायचे असेल तर 850 ते 1050 नॅनोमीटरचा प्रकाश दाण्यांच्या थरातून आरपार जातो. 2000 च्या पुढचा प्रकाश मात्र टरफलाच्या जवळच शोषला जातो, म्हणून त्यासाठी दाणे दळावे लागतात. दळलेल्या ढेपेला 2500 पर्यंतचे यंत्र खरोखर उपयोगी पडते, कारण तेलाच्या ठळक खुणा (ज्या तरंगलांबीचा प्रकाश तो घटक जास्त शोषतो ती ठिकाणे) 1725 व 2310 च्या आसपास आणि प्रथिनांची 2180 जवळ असते. हातातल्या यंत्रात या तिन्ही सुटतात, पण पाण्याची 1450 ची खूण मिळत असल्याने ओलाव्यासाठी ते चालते.

संत्र्याचे गणित उलटे आहे. नागपुरी संत्र्याची साल सैल असते आणि 1450 चा प्रकाश सालीतल्या पाण्यातच संपतो, त्यामुळे गरापर्यंत पोहोचायला सिलिकॉन डिटेक्टरचे (प्रकाश टिपणाऱ्या भागाचे) 700 ते 1100 चे यंत्रच लागते. अफ्लाटॉक्सिन किलोमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात; इतके सूक्ष्म प्रमाण या पद्धतीने थेट मोजता येत नाही. त्यासाठी एलायझा किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतील चाचणी करावी.

उत्तर 2 (तेल गिरणी, हिंगणघाट)
वरील मताशी मी सहमत आहे, पण खरा खर्च कॅलिब्रेशनचा (यंत्राचे आकडे प्रयोगशाळेच्या आकड्यांशी जुळवण्याचा) असतो. यंत्र तेल मोजत नाही. प्रयोगशाळेत सॉक्स्लेट (तेलासाठी) व केल्डाल (प्रथिनांसाठी) पद्धतीने काढलेल्या आकड्यांवरून ते अंदाज बांधते. परदेशी वाणांवर तयार केलेले कॅलिब्रेशन आमच्या हिरव्या, अर्धवट भरलेल्या दाण्यांवर चुकले. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये तर ओलावा सकाळी एक आणि दुपारी दुसराच दिसू लागला, कारण तापमान बदलले की पाण्याची खूण सरकते आणि डिटेक्टरचा गोंगाटही (संकेतातील नकोसे चढउतार) वाढतो. यंत्र ज्या पांढऱ्या संदर्भ टाइलशी तुलना करून प्रकाश मोजते, तिच्यावर कुटाराची धूळ बसली होती, हे तर आठवड्याने लक्षात आले. विक्रेता यंत्राच्या व प्रयोगशाळेच्या आकड्यांतला 0.98 सहसंबंध (दोन्ही किती सोबत बदलतात याचे माप, कमाल 1) दाखवेल. तुम्ही मात्र नव्या नमुन्यांवरची प्रमाणित त्रुटी (अंदाज साधारण किती चुकतो ते) मागा.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. संत्र्याचे काम आता वेगळे ठेवतो. सभासदांच्या सोयाबीनचे 30 नमुने ओल्या-सुक्या, हिरव्या-पक्क्या दाण्यांसह काढून प्रत्येकाचा एक भाग प्रयोगशाळेत पाठवतो आणि दुसरा दोन्ही विक्रेत्यांच्या यंत्रांवर, आमच्याच गोदामात, दुपारी दोन वाजता तपासून घेतो.