हवाईचं बिग आयलंड: दोघांची पहिली सुट्टी, सात रात्री. मुक्काम कुठे करावा, ज्वालामुखी कसा बघावा?

सोनटक्का

नमस्कार मंडळी. लग्नानंतरची आमची पहिली मोठी सुट्टी हवाईच्या बिग आयलंडवर घालवायचं ठरतंय. नोव्हेंबरचा दुसरा आठवडा, सात रात्री, निघणार न्यू जर्सीहून. किनाऱ्यावर लोळत पडण्यापेक्षा ज्वालामुखी, लाव्हाची जमीन, काळी वाळू यात दोघांनाही जास्त रस आहे. अडचणी अशा: नवऱ्याला सौम्य दमा आहे (इनहेलर सोबत असतो, एरवी ठीक), मला पोहता येत नाही, आणि आम्ही शाकाहारी, अंडं चालतं.

सातही रात्री पश्चिम किनाऱ्यावरच्या कोनाला राहून गाडीनं फिरणं जमेल का? लाव्हा दिसेल असं धरून चालावं का? मौना केआ पर्वताच्या माथ्यावर सूर्यास्ताला स्वतःची भाड्याची गाडी नेता येते का? आणि खाण्याचं काय? जाणकारांनी सांगावं.

खडकवासी

सातही रात्री कोनाला नको. हवाईची बाकीची सगळी बेटं एकत्र केली तरी या एका बेटाएवढी भरत नाहीत, पण हे नकाशा बघून कळत नाही. कोना विमानतळापासून व्होल्कॅनोज नॅशनल पार्क साधारण १०० मैल, म्हणजे एका बाजूचे सव्वादोन-अडीच तास. कोनाहून जाऊन-येऊन केलंत तर पार्कात तुम्ही ऐन दुपारी असाल. ती वेळ सगळ्यात वाईट: पार्किंग भरलेलं, आणि अंधारात दिसणारी लाल झळाळी बघायच्या आतच परतीचा रस्ता धरायचा.

मी असं वाटेन. पहिली रात्र कोना, कारण मुख्य भूमीवरून येणारी बहुतेक थेट विमानं तिथेच उतरतात आणि इतक्या लांबच्या प्रवासानंतर अंधारात डोंगराळ रस्त्यावर गाडी चालवणं बरं नाही. दुसऱ्या दिवशी दक्षिणेकडच्या ११ नंबरच्या हायवेनं, वाटेत पुनालुऊ किनाऱ्याची काळी वाळू बघत, व्होल्कॅनो नावाच्या गावात. तिथे तीन रात्री, पार्कचं फाटक गाडीनं पाच-दहा मिनिटांवर. मग सॅडल रोडनं (नकाशावर डॅनियल के. इनोये हायवे) परत कोना किंवा उत्तरेचा कोहाला किनारा, तीन रात्री. पूर्वेची बाजू आधी घेण्यात एक फायदा आहे: त्या दिवसांत हवाईचं घड्याळ न्यू जर्सीच्या पाच तास मागे असतं, त्यामुळे सुरुवातीला पहाटे तीन-चारला आपोआप जाग येईल. पार्क चोवीस तास उघडा असतो. त्या जागरणाचा उपयोग करून घ्या.

सॅडल रोडवर पेट्रोल पंप नाही, पार्कातही नाही. पार्कचा पास गाडीमागे ३० डॉलर, सात दिवस चालतो, पैसे फक्त कार्डानं.

कपड्यांबद्दल: गाव आणि विवराचा काठ सुमारे १२०० मीटरवर आहेत. फोटोंत हवाई म्हणजे चड्डी-बनियन, पण इथे संध्याकाळी स्वेटर लागतो आणि पाऊस कधीही येतो. पूर्व किनाऱ्यावरच्या हिलो शहराच्या बाजूला वर्षाचा पाऊस कोकणाएवढा, फक्त चार महिन्यांत न पडता बारा महिन्यांत वाटलेला. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोटच घ्या. मोजे तीन-चार जोड जास्त.

मॅग्माशेठ

लाव्हाबद्दल. धरून चालू नका, पण शक्यता सोडूही नका.

पार्कातल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या माथ्यावर, हालेमाउमाउ विवरात, २३ डिसेंबर २०२४ला जो उद्रेक सुरू झाला तो सलग वाहणारा नाही, हप्त्याहप्त्यांनी येणारा आहे. बहुतेक वेळा काही तास ते एखादा दिवस लाव्हाची कारंजी उडतात, मग एकदम बंद. पुढचा हप्ता काही दिवसांनी किंवा काही आठवड्यांनी. कारण साधं आहे: माथ्याखालचा मॅग्माचा (वितळलेल्या खडकाचा) साठा रिकामा झाला की जमीन किंचित खाली बसते, खालून भरणा होत राहतो तशी पुन्हा फुगते. मागच्या वेळी जेवढी बसली तेवढी भरून निघत आली की पुढचं कारंजं जवळ आलं असं साधारण समजायचं. ही फुगवट यूएसजीएसची (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची) यंत्रं मोजतात आणि त्यावरून त्यांची हवाईची वेधशाळा पुढच्या हप्त्याचा अंदाज आपल्या संकेतस्थळावर देते. अंदाज कधी पुढे सरकतो, कधी मागे. विवराचे थेट कॅमेरे यूट्यूबवर असतात.

म्हणून व्होल्कॅनो गावातल्या तीन रात्रींत आगाऊ पैसे भरलेलं काहीही ठेवू नका. कारंजं रात्री दोनला सुरू झालं तर दहा मिनिटांत गाडीत बसता आलं पाहिजे. बघायच्या जागा: उएकाहुना, किलाउएआ ओव्हरलुक आणि केआनाकाकोई. शेवटच्या जागी डेव्हास्टेशनच्या पार्किंगपासून एक मैल चालावं लागतं. अंधारात जाताना डोक्याला लावायचा टॉर्च हवा, मोबाईलचा पुरत नाही, कारण एक हात कायम अडकतो.

किनाऱ्यावर लाव्हा समुद्रात पडतानाचे जे फोटो जाहिरातींत दिसतात ते जुने आहेत. समुद्रात पडणारा तो प्रवाह २०१८ला संपला. त्या नावानं कुणी बोटीची सहल विकत असेल तर आधी वेधशाळेचं पान उघडा, मग पाकीट.

सोनटक्का

धन्यवाद. ज्वालामुखीच्या वायूचं काय? एन-९५ मास्क नेले तर चालेल ना?

मॅग्माशेठ

नाही, आणि हे नीट लक्षात ठेवा. एन-९५ कण अडवतो, सल्फर डायऑक्साइड अडवत नाही. दम्याला त्रास होतो तो याच वायूनं. राख उडत असेल तर मास्कचा उपयोग आहे, वायूसाठी अंतर आणि वाऱ्याची दिशा हाच उपाय.

बहुतेक दिवस ईशान्येचे व्यापारी वारे वाहतात आणि वायू नैर्ऋत्येला नेतात. तेव्हा विवराच्या उत्तरेकडचा काठ त्यातल्या त्यात स्वच्छ असतो. वारे पडले किंवा दक्षिणेकडून आले की तोच धूर पार्कच्या इमारतींवर आणि व्होल्कॅनो गावावर येतो. अशा दिवशी हिलोला किंवा खाली समुद्राकडे निघून जायचं, हट्ट करायचा नाही. गाडीत असाल तर काचा बंद, एसी आतली हवा फिरवण्यावर.

आणखी एक भानगड: नैर्ऋत्येला गेलेला धूर बेटाला वळसा घालून कोनाच्या किनाऱ्यावर येतो आणि दुपारच्या समुद्री वाऱ्यानं उतारावर चढतो. म्हणजे ज्वालामुखीपासून लांब म्हणून कोना सुरक्षित असं नाही. उद्रेक चालू असेल तर शेवटच्या तीन रात्री कोनाऐवजी उत्तरेला कोहालाकडे घ्या, तिथली हवा बहुधा बरी असते. इनहेलर बॅगेत नाही, खिशात.

कारंज्यांसोबत काचेचे केसासारखे तंतू उडतात, त्यांना पेलेचे केस म्हणतात. गवतावर, गाडीच्या काचेवर सोनेरी गुंता दिसला तर हात लावू नका, डोळे चोळू नका. काचेवर वायपर फिरवलात तर ओरखडे उठतील, आधी पाणी ओता.

भटकभवानी

कारंजं नसलं तरी पार्कात दोन दिवस सहज जातात. किलाउएआ इकीची वाट चुकवू नका: ३.३ मैलांचा फेरा, ४०० फूट उतार, अडीच तास धरा. १९५९च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये इथे १९०० फूट उंच कारंजी उडाली आणि खाली लाव्हाचं तळं साठलं. आता त्या थिजलेल्या तळ्यावरून चालायचं, अजून भेगांतून वाफ येते. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना खडक ओळखीचा वाटेल, दोन्हीकडे बेसॉल्टच, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा तुमच्या आईवडिलांच्या वयाचा. घड्याळाच्या उलट दिशेनं गेलात तर चढ सोपा पडतो. तळावर पायवाट उमटत नाही, म्हणून रचलेल्या दगडांच्या खुणा बघत चालायचं. स्वतः तसे ढीग रचू नका, मागचे लोक वाट चुकतात. ताज्या लाव्हावर पडलं तर काचेवर पडल्यासारखं कापतं, तेव्हा पूर्ण पँट आणि बंद बूट.

नाहुकूची लाव्हाची नळी (लाव्हा वाहून गेल्यावर उरलेला बोगदा, जुनं नाव थर्स्टन) सकाळी आठला किंवा संध्याकाळी पाचनंतर. मधल्या वेळात पार्किंगच मिळत नाही.

तिसरी गोष्ट चेन ऑफ क्रेटर्स रोड. सुमारे १९ मैल, ३७०० फूट खाली थेट समुद्रापर्यंत, शेवटी होलेईची खडकाची कमान. खाली पाणी नाही, खाणं नाही, सावली नाही. माणशी दोन लिटर पाणी ठेवा. येताना पुउलोआला थांबा, पाऊण मैलावर कातळात कोरलेल्या २३,०००हून जास्त आकृत्या आहेत, फळ्यांच्या वाटेवरून बघायच्या. कातळशिल्पांसाठी रत्नागिरी-राजापूरचा सडा तुडवलेल्या माणसाला तिथून लवकर निघवत नाही.

व्होल्कॅनो गावाबद्दल खडकवासींशी अर्धीच सहमत. घरं ओलसर असतात, संध्याकाळी खायच्या जागा मोजक्या आणि लवकर बंद होतात. शाकाहारींनी स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्यावी, नाहीतर हिलोत राहून पाऊण तासाचा रस्ता पत्करावा.

खडकवासी

स्वयंपाकघर हवंच, मान्य. पण हिलोतून रात्री दोनला पावसात तीस मैल कोण जाणार?

दुर्बीणवाला

मौना केआ. थोडक्यात: माथा नको, निम्म्यावर थांबा.

माथा ४२०७ मीटर. समुद्रसपाटीवरून गाडीनं दोन तासांत तिथे पोचता येतं, आणि धोका नेमका तोच आहे. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही, हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण साठ टक्के. डोकेदुखी, मळमळ, चक्कर हे धडधाकट माणसालाही होतं. श्वसनाचा विकार असलेल्यांनी वर जाऊ नये असं तिथलेच लोक सांगतात, तेव्हा तुमच्यासाठी प्रश्न मिटला.

तरी गाडीबद्दल विचारलंत म्हणून: २८०० मीटरवरच्या माहिती केंद्रापर्यंत डांबरी रस्ता आहे, कुठलीही गाडी जाते. त्यापुढे फोर-व्हील ड्राइव्ह आणि खालचा गिअर सक्तीचे, कारण कच्चा चढ आहे आणि उतरताना नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवली तर ते तापून निकामी होतात. नुसतं ऑल-व्हील ड्राइव्ह लिहिलेली शहरी एसयूव्ही यात बसत नाही. भाड्याच्या बऱ्याच करारांत हा रस्ता वगळलेला असतो, तेव्हा तो कागद आधी वाचा.

माहिती केंद्राजवळच्या टेकाडावरून सूर्यास्त छान दिसतो आणि बहुधा ढग पायाखाली असतात. अंधार पडल्यावर तिथेच तारे बघा. खरं तर डोळ्यांनी तारे बघायला ही उंची माथ्यापेक्षा बरी, प्राणवायू कमी पडला की रात्रीची नजरही मंदावते. अमावास्येच्या आसपासची तारीख गाठा. जाडं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. व्होल्कॅनोहून कोनाला परतायच्या दिवशी हे सॅडल रोडवरच वाटेत येतं, वेगळा दिवस लागत नाही.

सागरगोटा

पाणी आणि पोट, दोन्हींवर लिहितो.

पुनालुऊ बघायला सुंदर, पोहायला नाही: दगड आणि ओढ दोन्ही आहेत. कासवं वाळूवर येऊन पडतात, किमान दहा फूट लांब राहा. दुपारी काळी वाळू तापते, अनवाणी धावू नका. वाळू खिशात घालून आणणं बेकायदा आहे. हिरव्या वाळूच्या पापाकोलेआला एका बाजूनं अडीच मैल उघड्या उन्हात चालावं लागतं, सात रात्रींत मी तरी ते गाळीन.

पोहता येत नसेल तर हापुनाचा किनारा चांगला: पांढरी वाळू, जीवरक्षक असतात. तरी हिवाळ्यात लाटा मोठ्या येतात, लाल बावटा असेल तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. रात्रीची मांटा रे मासे बघायची सहल केओहोऊजवळून निघते. तरंगत्या फळीला धरून राहायचं असतं, पण काळोख्या खोल पाण्यात घाबरायला होतं, तेव्हा तुम्ही बोटीतूनच बघण्याचं तिकीट मिळतं का विचारा. बोट नांगरून डुलत राहते, उलटीची गोळी तासभर आधी घ्यायची. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेलं सनस्क्रीन हवाईत २०२१पासून विकायला बंदी आहे. झिंक ऑक्साइडचं न्या.

खाणं: कोनात कॉस्टको आणि सेफवे, कोना आणि हिलो दोन्हीकडे केटीए हे किराणा दुकान. बुधवारी आणि शनिवारी हिलोचा बाजार मोठा भरतो, पपई, केळी, अव्होकाडो तिथेच घ्या. पोई हा अळकुडीचा लगदा, शाकाहारी आहे, पण सोबत जे येतं ते बहुधा डुकराचं. लाउलाउ अळूच्या पानात गुंडाळलेलं दिसतं म्हणून अळुवडी समजून मागवू नका, आत मांस असतं. घरून तांदूळ, डाळ, मसाले, खाकरे, चटण्या न्या. ताजा कढीपत्ता, मिरच्या, फळं नेऊ नका. झाडपाला आणि ताजा माल उतरताना जाहीर करावा लागतो आणि बहुतेक वेळा जातो.

परततानाही तपासणी आहे. मुख्य भूमीला जाणाऱ्या सामानाची कृषी खात्याकडून क्ष-किरण तपासणी होते, त्यासाठी अर्धा तास जास्त धरा. अननस चालतो, भाजलेली कॉफी चालते. आंबा, पेरू वगैरे काढून घेतात. कोनाची कॉफी घेताना पाकिटावर शंभर टक्के कोना लिहिलंय का बघा, 'ब्लेंड' लिहिलेल्यात ती थोडीच असते.