'टॉयलेट सर्व्हिस'ला मराठीत काय म्हणाल?

दौत: जुन्या इंग्लिश चांदीवरचा मजकूर मराठीत करतेय. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये १६८३-८४चा कॅल्व्हर्ली संच आहे ना, तशा वस्तूंबद्दल. म्हणजे नटायच्या मेजावरचं सामान: आरसा, पावडरीचे डबे, टाचण्यांची गादी, सगळं चांदीत. संपादकांनी 'चांदीची स्वच्छतागृह-भांडी' असं करून पाठवलं. आईनं वाचून विचारलं, "टमरेल चांदीचं?"

खारीबिस्किट: 😂 मोठ्या संचात तस्त-झारी असायची, पण ती तोंड-हात धुवायला. आईंना सांगा.

शुद्धमती: सरळ 'प्रसाधन-संच' लिहा. इंग्रजीची लाचारी कशाला?

तिरफळ: नाट्यगृहात 'प्रसाधनगृह' पाटीखालची रांग कसली असते, ताई?

अर्धविराम: फ्रेंचांचंही तेच झालं. 'त्वाल' म्हणजे कापड, 'त्वालेत' म्हणजे मेजावर अंथरायचं छोटं कापड. मग त्यावरचं सामान, मग नटणं, आणि शेवटी ती खोली. आपलं 'प्रसाधन' त्याच वाटेनं गेलं. अमरकोशात 'प्रसाधनी' म्हणजे फक्त कंगवा!

खारीबिस्किट: सिंगारदान?

शुद्धमती: '-दान' फारसी आहे.

खारीबिस्किट: मग लग्नात अत्तरदाणी, गुलाबदाणी फिरवू नका.

तिरफळ: अहो, आपली फणेरपेटी विसरलात? आजीची शिसवी होती. झाकणाच्या आत आरसा, पारा उडालेला. खाली खण: फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. मेणाच्या खणातलं लाकूड अजून बोटाला चिकट लागतं.

दौत: शब्द गोड आहे, पण सरदारघराण्यात लग्नात मिळालेल्या, कुलचिन्ह कोरलेल्या संचाला फणेरपेटी म्हणू? मेणबत्त्यांच्या घोड्यासुद्धा असतात त्यात. पेटीत मावायचं नाही.

अर्धविराम: एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयातला लेनॉक्सलव्ह संच पेटीसकट आहे की. आणि तो पॅरिसचा, म्हणून जास्तच दुर्मीळ. चौदाव्या लुईनं १६८९मध्ये युद्धाच्या खर्चासाठी चांदी वितळवायला लावली, त्यात असलं बरंच गेलं.

शुद्धमती: 'फणेरपेटी' चालेल. फणी नागाच्या फण्यावरून आली, अस्सल देशी.

खारीबिस्किट: छे, फणसावरून! काटे बघा.

दौत: मंडळी, उद्या मजकूर द्यायचाय.

तिरफळ: फणसाला काटे बाहेरून, फणीला एका बाजूला. आमच्याकडे दोन्ही बाजूंनी दाते असलेली ती फणी, एका बाजूचा तो कंगवा.

खारीबिस्किट: आमच्याकडे उवांची ती फणी. बाकी सगळे कंगवे.