2022 साली गेलेली माणसं: तुम्हाला कोणाचं जाणं लागलं?

2022 ची सुरुवातच सिंधुताई सपकाळ गेल्याच्या बातमीने झाली, 4 जानेवारीला. त्याच महिन्यात एन. डी. पाटील, बिरजू महाराज, कीर्ती शिलेदार आणि अनिल अवचट गेले. 2 फेब्रुवारीला रमेश देव. आणि 6 तारखेला लताबाई. त्यानंतर आधीचे सगळे एकदम आतल्या पानावर गेले.

मला कीर्तीताईंचं जाणं लागलं. संगीत नाटक बघायला आजोबांनी मला पहिल्यांदा नेलं ते त्यांचंच. मी दुसऱ्या अंकात झोपलो, याची खंत आजोबांना शेवटपर्यंत होती.

तर लिहा. अट एकच, लताबाईंवर नको, त्यांच्यावर सगळ्यांनीच लिहिलंय. श्रद्धांजलीही नको, स्वतःचं सांगा.

*

आमचं घर कोल्हापूरचं. बाबा शेकापचे, टोलविरोधी आंदोलनात एन. डीं.च्या मागे उन्हातान्हात चाललेले. मी कथक शिकते. 17 जानेवारीला सकाळी उठले तर मोबाईलवर बिरजू महाराजांची बातमी. मी सुन्न. दुपारनंतर एन. डी. गेल्याचं कळलं आणि बाबा सुन्न. रात्री दोघंही जेवलो नाही. आईने वैतागून ताटं झाकून ठेवली. बराच वेळ गप्प बसून बाबांनी विचारलं, "तुझे महाराज कुठल्या आंदोलनात होते?" मला हसू फुटलं. मग मी त्यांना महाराजांचा एक व्हिडिओ दाखवला, नुसत्या घुंगरांवर चाललेला. बाबांनी तो पूर्ण बघितला. "पायात जोर आहे म्हाताऱ्याच्या," म्हणाले. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

*

वडील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होते. हे मी पहिल्यांदाच लिहितोय. 35 दिवस. शेजारी सांगितलं होतं की गावी गेलेत.

अवचटांची पुस्तकं मी त्याआधी वाचली होती, पण सुनंदाताईंनी आणि त्यांनी 1986 मध्ये हे केंद्र सुरू केलं ही माझ्यासाठी नुसती माहिती होती. ती एके दिवशी आमच्या घराचा पत्ता झाली. परत आल्यावर वडील अवचटांसारखे कागदाच्या घड्या घालत बसायचे. त्यांना एकच पक्षी जमायचा, तोही वाकडा. हात थरथरायचे त्यामुळे की मुळातच बेंगरूळ, माहीत नाही. 27 जानेवारीला अवचट गेले त्या दिवशी वडिलांनी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं आणि घडी घालायला घेतलं. पक्षी वाकडाच झाला. तो अजून टीव्हीवर आहे.

*

वर मुक्तांगणबद्दल ज्यांनी लिहिलंय त्यांना नमस्कार. आमच्याकडे भाऊ होता. त्याला नाही जमलं. एवढंच.

*

शेन वॉर्न, 4 मार्च. 52 हे काय वय आहे? सकाळी त्यानेच रॉड मार्शच्या निधनावर ट्विट केलं होतं, आणि संध्याकाळी त्याचीच बातमी. 2008 ची आयपीएल फायनल मी नेरूळला डी. वाय. पाटीलवर बघितली आहे, शेवटच्या चेंडूवर वॉर्नचं राजस्थान जिंकलं ती. वॉर्न सचिनच्या विरुद्ध खेळायचा म्हणून शाळेत त्याला मनापासून शिव्या घातल्या होत्या. त्या रात्री सगळ्या परत घेतल्या.

*

झुनझुनवाला. हसू नका. मी शेअर बाजारात पहिले पैसे घातले ते त्यांच्याकडे बघून, आणि घालवलेही त्यांच्याकडेच बघून. 14 ऑगस्टला रविवारी गेले, सोमवारी सुट्टी. आठवडाभर आधीच त्यांच्या आकासा एअरचं पहिलं विमान उडालं होतं.

*

विक्रम गोखल्यांची माफी मागायची आहे. ते गेले 26 नोव्हेंबरला. मी फॅमिली ग्रुपवर श्रद्धांजली टाकली 23 ला रात्री, गुलाबाच्या फुलासकट. सकाळी गोखल्यांच्या घरच्यांनी बातमी खोटी असल्याचं सांगितलं. काकांनी मला ग्रुपवर झापलं. खरी बातमी आली तेव्हा मी काहीच टाकलं नाही, धीरच झाला नाही.

*

अट मोडतोय, क्षमा असावी.

माझी आई 6 फेब्रुवारीला गेली. पहाटे पाचला, हॉस्पिटलमध्ये. साडेनऊच्या सुमारास कागदपत्रांसाठी खाली उभा होतो तेव्हा शेजारच्या काकूंचा फोन आला. "गेल्या रे! कळलं का?" मी म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "अरे, सगळ्या चॅनेलवर तेच चाललंय."

मला काही क्षण खरंच कळेना, माझ्या आईचं चॅनेलवर काय असणार.

स्मशानातून परतेपर्यंत रिक्षात, पानटपरीवर, जिन्यात, सगळीकडे त्यांचाच आवाज. भेटायला येणाऱ्यांचेही डोळे आधीच ओले. दुसऱ्या दिवशी राज्यात सुट्टी जाहीर झाली, त्यामुळे नातेवाईक जास्त आले. बोलणं फिरून फिरून शिवाजी पार्कवर जायचं. राग नव्हता कोणाचा. पण मला रडायला जागाच सापडली नाही.

त्यात गंमत अशी की आईला लावण्या आवडायच्या. सुलोचना चव्हाण. आजीला ते खपायचं नाही, म्हणून आई स्वयंपाकघरात ट्रान्झिस्टर पिठाच्या डब्यामागे ठेवून ऐकायची. आवाज इतका बारीक की कुकरची शिट्टी झाली की अर्धी लावणी जायची. लावणी गाताना सुलोचनाबाईंच्या डोक्यावरचा पदर ढळत नसे, हे ती आजीला ऐकू जाईल असं मुद्दाम सांगायची.

10 डिसेंबरला सुलोचनाबाई गेल्या. मी ऑफिसच्या कँटीनमध्ये होतो, बातमी टीव्हीच्या खालच्या पट्टीतून सरकत गेली. समोरचा विचारायला लागला, काय झालं, काय झालं. मला बोलता येईना. फेब्रुवारीतलं राहिलं होतं ते सगळं तिथे, ताटावर.