काडु मल्लेश्वराच्या आठवणी : तुम्हीही लिहा

बेंगळुरूच्या मल्लेश्वरममध्ये राहायला आले तेव्हा पहिल्याच सोमवारी शेजारच्या आजींनी हाताला धरून काडु मल्लेश्वराला नेलं. काडु म्हणजे रान. आता चहूकडे वस्ती, तरी आवारात झाडं आहेत आणि झाडाखाली हळदीकुंकवाने माखलेल्या नागशिळा. पण माझा जीव जडला तो तिथला शिलालेख कळल्यावर. शहाजीराजांचे पुत्र, शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी १६६९ साली मल्लपुराच्या या मल्लिकार्जुनाला मेदरनिंगनहळ्ळी गाव इनाम दिलं, अशी त्यात नोंद आहे. तेव्हापासून इथे बेल वाहताना परक्या गावात आल्यासारखं वाटत नाही. इथे राहिलेल्या, येऊन गेलेल्या सगळ्यांनी लिहा. चार ओळीही चालतील.

*

नोकरीला लागलो त्या वर्षी अर्चना करायला गेलो. गुरुजींनी विचारलं, "हेसरु? गोत्र? नक्षत्र?" नाव-गोत्र सांगितलं, नक्षत्रावर अडलो. आपल्याकडे एवढ्या-तेवढ्याला कोणी नक्षत्र विचारत नाही. इथे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. मागे रांग होती. तिथूनच आईला फोन लावला. "अनुराधा. का रे, बरा आहेस ना?" गुरुजींना पलीकडचा आवाज ऐकू गेला, त्यांनी लगेच संकल्प म्हणायला घेतला. फोन चालूच होता, आईने शेवटपर्यंत ऐकलं.

त्यानंतर चार महिन्यांनी आई गेली. अजून दर महिन्याला जातो. गुरुजी आता विचारत नाहीत, स्वतःच "अनुराधा नक्षत्रे" म्हणतात.

*

समोरच्या नंदी तीर्थाबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? मी इथेच वाढले. देवळासमोर मोकळी जागा होती, बाकी काही नाही. १९९७ साली तिथे खणायला घेतलं आणि मातीखालून दगडी मंडप निघाला, मधोमध कल्याणी, म्हणजे देवळाचं कुंड. नंदी दक्षिणेकडे तोंड करून बसलेला. त्याच्या मुखातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते आणि तिथून कुंडात जाते. बाबा कामावरून आले की मला खांद्यावर बसवून खणकाम दाखवायला न्यायचे. इतकी वर्षं मातीत हा नंदी श्वास कसा घेत असेल, या काळजीने मला रात्री झोप लागत नसे.

*

कन्नड पंचांगातला श्रावण आपल्याबरोबरच सुरू होतो, उत्तरेकडच्यासारखा पंधरा दिवस आधी नाही. त्यामुळे शिवामूठ कधी चुकली नाही. पहिल्या वर्षी तांदळाची मूठ वाहिली तेव्हा रांगेतल्या एका बाईंनी हे काय म्हणून विचारलं. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं. पुढच्या सोमवारी त्या तीळ घेऊन माझी वाट पाहत उभ्या होत्या.

*

आठव्या क्रॉसचा फुलबाजार! गजरा 'मोळ' मापाने, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. लेकीच्या बारशाला आमच्या फूलवाल्या अक्कांनी दोन मोळ मल्लिगे तशीच दिली. पैसे घेतलेच नाहीत.

*

अनुराधा नक्षत्राच्या दादा, तुमचं वाचलं आणि आईला फोन केला. माझं रोहिणी आहे. तिचं स्वतःचंही विचारून घेतलं.