एजंटला पैसे देऊ नका

म्हापशातल्या एका अफगाण निर्वासित कुटुंबाबद्दल वर कुणीतरी लिहिलंय की त्यांनी एजंटला पैसे भरले तर कॅनडात स्थायिक व्हायचं काम होईल. कृपया त्यांना थांबवा! निर्वासितांच्या हक्कांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे इथे अफगाणांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या दिल्ली कार्यालयात होते, आणि तीही फुकट. मडगावहून निजामुद्दीनची गाडी धरण्याआधी पासपोर्ट, तझकिरा (अफगाण ओळखपत्र), मुलांचे जन्मदाखले, धमकीची चिठ्ठी आली असेल तर तीसुद्धा, सगळं जमवा. मुलाखतीत जिवाला धोका कुणाकडून, कधीपासून, हे बारकाईने विचारतात. पढवलेली गोष्ट टिकत नाही. कॅनडासारख्या तिसऱ्या देशात कायमचं वसवण्यासाठी नाव सहसा तेच कार्यालय सुचवतं, निर्णय तो देश घेतो. जगभरात वर्षाला 1 टक्का निर्वासितांनाही ही संधी मिळत नाही. म्हणून मुलांची शाळा आत्ताच इथे बघा.