देशवार क्रमवारी की पदकतालिका?

कानामात्रा
ऑलिम्पिक सनदेची एक जुनी आवृत्ती मराठीत करतोय, एका कलमावर अडलोय. आयओसी (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती) आणि संयोजन समितीने देशांचं रँकिंग करायचं नाही, विजेत्यांच्या नावांचा 'रोल ऑफ ऑनर' मात्र ठेवायचा, असं ते कलम. मी लिहिलं 'देशवार क्रमवारी'. तपासणाऱ्या बाईंनी खोडून 'पदकतालिका' केलं. म्हणाल्या, पेपरात हेच छापतात. पण मग पदकं मोजायलाच बंदी आहे, असा अर्थ नाही का होत? आणि रोल ऑफ ऑनरला काय म्हणू?

कोशकीटक
तुमचंच बरोबर. तालिका म्हणजे मांडणी, क्रमवारी म्हणजे निवाडा. बाकी 'तालिका' हा शब्दच मला खुपतो. 'तक्ता' असताना हे हिंदी पाहुणं कशाला?

मैदानवाला
काका, तक्ता तरी कुठे घरचा? फारसी तख्ता, म्हणजे फळी. आणि विधानसभेत 'तालिका अध्यक्ष' बसतात तेव्हा कुणाला हिंदी वाटत नाही.

कोशकीटक
तख्त्याला इथे मुरून शतकं झाली. पाहुणा आणि घरजावई यांत फरक असतो.

शेवंती७
तालिका-क्रमवारी हा भेद कागदावर ठीक आहे हो. छापताना कुणाला तरी वर ठेवावंच लागतं, आणि वर ठेवलं की निवाडा झालाच. २००८ला बीजिंगमध्ये चीनची सुवर्णपदकं जास्त, अमेरिकेची एकूण पदकं जास्त. अमेरिकन वृत्तपत्रांनी एकूण पदकं धरून अमेरिकेला वर छापलं, बहुतेक जगाने चीनला. पदकं तीच, तक्ते दोन. आणि तोही तक्ता पुढे हलला! चीनची तेव्हाची ५१ सुवर्णपदकं आज ४८ आहेत. तीन वेटलिफ्टर उत्तेजक चाचणीत सापडल्या.

कोशकीटक
सुवर्ण आधी बघायचं ही पद्धत म्हणजे शब्दकोशाचा क्रम आहे. पहिल्या अक्षरावर निकाल लागला की पुढची अक्षरं कुणी बघत नाही. 'अहि' हा 'कमळ'च्या आधीच येणार. म्हणून 'अहि' काही 'कमळ'पेक्षा थोर ठरत नाही.

मैदानवाला
हे आवडलं. पॅरिसला, २०२४मध्ये, नेमकं हेच झालं. भारताची ६ पदकं, एक रौप्य, पाच कांस्य. पाकिस्तानचं एकच, पण अर्शद नदीमचं भाल्यातलं सुवर्ण. पाकिस्तान ६२वा, भारत ७१वा. आमच्या ग्रुपवर दोन दिवस यावरून जुंपली होती. मी म्हटलं, अरे, नीरज नदीमपेक्षा कमी पडला हे खरं, पण भारत पाकिस्तानपेक्षा कमी पडला हे कुठल्या मैदानावर घडलं?

शेवंती७
सनदेतच आहे की, स्पर्धा खेळाडूंमध्ये असते, देशांमध्ये नाही. पण 'भारत ७१वा आला' हे वाक्य बघा. 'आला' म्हटलं की कुणीतरी धावलेलं असतं. '७१व्या स्थानी छापला गेला' असं कुणी लिहिणार नाही.

आडकित्ता
विषय क्रमवारीचा निघालाच आहे तर सांगतो: यातली 'वारी' म्हणजे फेरी. क्रम फिरत राहतो म्हणून क्रमवारी.

कोशकीटक
नाही हो! तपशीलवार, तारीखवार यांतला तो फारसी 'वार'. मग टक्केवारीत टक्के फिरायला जातात का?

आडकित्ता
काही ठिकाणी जातात.

मैदानवाला
😄

शेवंती७
मला खरा राग 'पटकावलं'चा आहे. हॉकीत कांस्य मिळतं ते सामना जिंकून. पॅरिसला स्पेनला २-१ने हरवलं. रौप्य मिळतं ते अंतिम सामना हरून. पेपरात दोन्ही 'पटकावलं'. आणि हॉकीच्या अख्ख्या संघाच्या गळ्यात पदकं, तक्त्यात मात्र आकडा १!

कोशकीटक
गळ्यात म्हणालात ते योग्यच. पदक हा मुळात गळ्यातला दागिना. माझी आजी साखळीतल्या लटकनाला पदकच म्हणायची. 'मेडल' तिला माहीत नव्हतं.

कानामात्रा
मंडळी, उद्या सकाळी मजकूर पाठवायचाय. 'देशवार क्रमवारी' परत घालतोय, बाईंना अहि-कमळ सांगेन. रोल ऑफ ऑनर?

आडकित्ता
मानपट.

कोशकीटक
त्याला सारीपाटाचा वास येतो. 'गौरवयादी' करा.

मैदानवाला
'यादी' पण फारसीच, काका.