दमट हवेत मॅरेथॉन पळलेल्या खान्देशी मंडळींनो, तुमचा अनुभव लिहा

या हिवाळ्यात आपल्याकडची बरीच मंडळी मुंबई, गोवा, सिंगापूर, थायलंड असं कुठे कुठे पळायला निघाली आहेत. रविवारचा लाँग रन संपला की कुणीतरी विचारतंच, "तिकडची हवा झेपेल ना?" दरवेळी उत्तर तुकड्या-तुकड्यात दिलं जातं आणि विसरलं जातं. म्हणून हा धागा. समुद्रकाठच्या गावी जाऊन हाफ (२१ किलोमीटर) किंवा फुल (४२ किलोमीटर) पळला असाल तर जे झालं ते मोकळेपणानं लिहा. वेळ किती लागला यापेक्षा कुठे अडलं आणि पुढच्या खेपेला काय बदललं, ते जास्त उपयोगाचं आहे.

सुरुवात माझ्यापासून. मी जळगावचा, मेहरूण तलावाच्या काठानं पळत पळत फुल मॅरेथॉनपर्यंत पोचलेला. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हाही आमचा पहाटेचा नेम चुकत नाही. त्यामुळे सिंगापूरला नाव नोंदवताना हवेचा विचार मनाला शिवलाच नाही. तिथं डिसेंबरात दुपारीसुद्धा ३०-३१ च असतं हे बघितलं होतं. "उन्हात वाढलेली माणसं आपण, आपल्याला काय होतंय," असं आईला सांगून निघालो.

पहिली खूण हॉटेलातच मिळाली होती. शुक्रवारी संध्याकाळी तीन किलोमीटर पाय मोकळे केले, बनियन धुतलं आणि बाल्कनीत टांगलं. जळगावात उन्हाळ्यात दोरीवर टाकलेलं बनियन चहा होईपर्यंत कडक वाळतं. तिथं शनिवारी सकाळी हातात घेतलं तर जसंच्या तसं ओलं. मी ते पिळलं आणि पुन्हा टांगलं, त्यातून काही शिकलो मात्र नाही.

शर्यत पहाटे साडेचारला, मिट्ट अंधारात सुटली. मी घरच्या पेसनं, म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं या वेगानं निघालो. बाराव्या किलोमीटरला चड्डीतून ओघळलेला घाम बुटात साचला आणि पावलागणिक फच्-फच् आवाज यायला लागला. हाफ झाला तेव्हा सूर्य उगवलेलासुद्धा नव्हता आणि मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके १७८ दाखवत होतं. ईस्ट कोस्ट पार्कात समुद्र बाजूला होता, झाडं होती, वारा मात्र अंगाला लागत नव्हता. अठ्ठाविसाव्यापासून चालत-पळत ५ तास ४१ मिनिटांत पोचलो. घरचा वेळ ४ तास २० होता.

आपल्या मनात गरमी म्हणजे ऊन, हे इतकं पक्कं बसलंय की अंधारात गरमी लागेल हे पटतच नाही. २०१९ साली दोहाला जागतिक स्पर्धेतली बायकांची मॅरेथॉन मुद्दाम मध्यरात्री ठेवली होती. ऊन नावालाही नाही. जगातल्या निवडक ६८ जणी सुटल्या, शेवटापर्यंत ४० च पोचल्या. हे मला सिंगापूरहून परतल्यावर कळलं. आधी कळायला हवं होतं.

आता तुम्ही लिहा.

भुसावळ, रेल्वेत नोकरी

माझी मुंबई. २००४ पासून होते, हल्ली जानेवारीत, तीच. आमच्यासाठी सोपी, रात्री गाडीत बसलं की सकाळी दादर. जानेवारीत पहाटे मुंबईत गारवा वाटतो, म्हणून निर्धास्त होते.

माझी चूक जळगावच्या दादांच्या उलट. आपल्याकडे लहानपणापासून कानावर एकच, "पाणी पिऊन जा, पाणी घेऊन जा." घोटभर पाणी न पिता कुणी उंबरा ओलांडू देत नाही. मी तोच नियम रस्त्यावर पाळला. दिसेल त्या टेबलावर थांबायचं आणि पाणी प्यायचं, तहान असो-नसो. सी लिंक झाला, परतीला लागले, पोट डचमळायला लागलं. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून आणखी प्यायले. पेडर रोडचा चढ आला तेव्हा डोकं ठणकत होतं. हाताकडे लक्ष गेलं तर अंगठी बोटात रुतलेली, बोटं सुजून भेंडीएवढी. मरीन ड्राइव्हला उलटी झाली आणि कुणीतरी मला वैद्यकीय तंबूत नेलं. रक्त तपासलं, सोडियम १२८, म्हणजे कमी. तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलं काय केलं असेल तर माझ्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली.

यावर कुणी डॉक्टरांनी लिहिलं तर बरं होईल, कारण आमच्या ग्रुपमधल्या बायका अजूनही मला म्हणतात, "तू पाणी कमी प्यायलीस म्हणून झालं."

नंदुरबार

थोडकं लिहितो. गोव्यात हाफ. मांड्या, काखा आणि छातीची बोंडं सोलून निघाली. बनियनवर दोन लाल रेघा. आपल्या कोरड्या हवेत मी कधी व्हॅसलिन लावलं नव्हतं. आता सगळीकडे भरपूर लावतो आणि मोजे सुती वापरत नाही. सुती मोजा भिजला की कातड्यावर कानस घासल्यासारखा घासतो.

धुळे, डॉक्टर (स्वतः अकरा हाफ, तीन फुल)

भुसावळच्या ताई, तुमचं निदान तिथं बरोबर झालं, जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम कमी झालं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावकांचं रक्त शेवटी तपासलं होतं, १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. सगळ्यात जास्त धोका कुणाला, तर शर्यतीत पाणी पिऊन पिऊन ज्यांचं वजन वाढलं त्यांना. पळून आल्यावर वजन सुटतानापेक्षा जास्त भरलं तर तुम्ही गरजेपेक्षा जास्त प्यायलात, इतकं ते सरळ आहे. तहान लागेल तसं प्या. घरच्या लाँग रनला आधी आणि नंतर काट्यावर उभं राहा, तासाला किती घाम जातो ते आपोआप कळेल. आणि शर्यतीच्या दिवशी दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका. किडनीवर ताण येतो, सोडियमचा घोळ वाढतो.

जळगावच्या भाऊंच्या बनियनाबद्दल. घाम आला म्हणजे अंग गार होतं असं नाही, घाम वाळला तर होतं. एक लिटर घाम कातडीवरून उडून जाताना अंदाजे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. बुटात गळलेला घाम काहीच नेत नाही, उलट पाणी आणि मीठ तेवढं गेलं. आपल्याकडे एप्रिल-मेत हवा इतकी कोरडी असते की घाम दिसतच नाही, कपाळावर नुसते मिठाचे कण राहतात. तिकडे पहाटेची आर्द्रता नव्वदीत. म्हणजे जे बनियन बाल्कनीत वाळत नाही, ते अंगावरही वाळणार नाही.

सवय होते, पण तिला दहा ते चौदा दिवस लागतात. रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. आदल्या दिवशी विमानातून उतरून हे होत नाही.

आणि एक कळकळीनं सांगतो. सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या खायला लागला, तर त्याला गाडीत घालून दवाखान्याकडे पळू नका. आधी जागच्या जागी गार करा. बर्फ, पाणी, ओला टॉवेल, जे मिळेल ते, आणि जितकं मिळेल तितकं. ते करता करता रुग्णवाहिका बोलवा. उष्माघातात पहिली काही मिनिटं सगळं ठरवतात.

चोपडा (सध्या पुण्यात)

डॉक्टरांनी बर्फाचं लिहिलं म्हणून मी लिहायला बसले, एरवी हे कुणाला सांगितलेलं नाही.

किनाऱ्यावरच्या एका शहरात फुल होती, नाव लिहीत नाही. पाचला सुटायची ती पाच पन्नासला सुटली. पाहुणे यायचे होते, आले, बोलले. आम्ही पन्नास मिनिटं गर्दीत उभे, अंग तिथंच भिजलेलं. दमट गावातली ती पन्नास मिनिटं म्हणजे शेवटचे आठ किलोमीटर उन्हात, हे आयोजकांना कळत नसेल असं मला वाटत नाही. तिसाव्या किलोमीटरच्या टेबलावर पाणी संपलेलं. चिरडलेले कागदी पेले आणि रिकामे डबे.

तेहतिसाव्याला सव्वानऊच्या उन्हात मला थंडी वाजली. हातावर काटा उभा राहिला. मला आधी बरंच वाटलं, वाटलं वारा सुटला. मग समोरची दुकानाची पाटी वाचायला गेले तर अक्षरं जुळेनात. तेव्हा घाबरले आणि रस्त्याच्या कडेला बसले. पायरी मासळीच्या दुकानाची होती. दुकानातल्या मावशींनी काही विचारलं नाही. खोक्यातला बर्फ दोन्ही ओंजळींनी काढला आणि माझ्या मानेवर, डोक्यावर, बंडीच्या आत घातला. माशाच्या वासाचं पाणी पाठीवरून वाहत होतं. त्या कोकणीत काही बोलत होत्या, मला फक्त "पोरी, पोरी" कळत होतं. अर्ध्या तासानं पाटी वाचता आली.

शर्यत तिथंच सोडली. संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "तुले कोनी सांगं व्हतं इतलं पयाले?" आणि रडायला लागली. मीही रडले. नऊ महिन्यांची तयारी होती.

पुढच्या वर्षी त्याच गावात पुन्हा गेले. या खेपेला दहा दिवस आधी, ऑफिसचं काम तिथून करत. दर किलोमीटरला घरच्यापेक्षा ४० सेकंद हळू. घड्याळावर पेस लावलाच नाही, फक्त ठोके. पूर्ण केली. आधी त्या मावशींकडे जाऊन आले, खापरावरची पुरणपोळी घेऊन. आईनं दिली होती.

चाळीसगाव, निवृत्त शिक्षक, वय ६३

लेक अमेरिकेत असते, तिच्या आग्रहानं होनोलुलूला गेलो. ही शर्यत १९७३ पासून आहे आणि तिला वेळेची मर्यादा नाही. शेवटचा माणूस येईपर्यंत रेषा उघडी असते. म्हणूनच निवडली. पहाटे पाचला सुटली, आकाशात दारूकाम. डायमंड हेडचा चढ जातानाही लागतो आणि येतानाही. येताना मी तो पूर्ण चालत चढलो. लेक सोबत चालत होती, दर मैलाला माझ्या टोपीत बर्फ भरायची. ८ तास १२ मिनिटे. उष्ण हवेत पहिली फुल करू पाहणाऱ्या माझ्या वयाच्या मंडळींना मी हेच सांगेन, कट-ऑफ बघून गाव निवडा. घड्याळाची भीती डोक्यावर नसली की माणूस वेळेवर थांबतो, वेळेवर पितो.

अमळनेर, मी पळत नाही

माझे मिस्टर पळतात, मी तिसाव्या किलोमीटरला उभी राहते. तिथं पळणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायला त्राण नसतं. माझ्याजवळ असतं ते: लिंबाच्या फोडी मीठ लावून, ओआरएसचं पाणी मोजून केलेलं, एक कोरडा टॉवेल, मोज्यांचा दुसरा जोड. आदल्या दिवशी शेवभाजी आणि भरीत मी बंद करते, त्यावरून आमच्याकडे वाद होतो. परगावच्या तिखटानं एकदा त्यांचं पोट बिघडलं होतं, तेव्हापासून आदल्या रात्री साधा वरण-भात, वर तूप. माझं म्हणणं आहे की सोबत जाणाऱ्यांनीही नकाशा पाठ करावा. रस्ते बंद असतात, ऐन वेळी पलीकडे जाता येत नाही.

रावेर, केळी बागायतदार

मी फुकेतला हाफ केली, जूनमध्ये. रबराच्या बागांमधून रस्ता जातो. अंधारात त्या बागेत शिरलो आणि एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तीच कोंदट, ओली, पानांची हवा. बाकीचे चालायला लागले तेव्हा माझा पेस दहा-पंधरा सेकंदांनीच उतरला होता.

त्याचं कारण सांगतो. आमच्याकडे बाहेर ४४ असलं तरी केळीच्या बागेत शिरलं की वेगळं जग. ठिबक चालू, वर पानांचं छत, उन्हाळ्याची झळ आत येऊ नये म्हणून बांधावर शेवरीची झाडं लावलेली. वारा अडतो आणि पाण्याची वाफ आतच राहते. मजूर बाहेरून आत आले की चष्म्यावर वाफ धरते. मी तयारीचे शेवटचे तीन आठवडे मुख्य रस्त्यावर पळणंच बंद केलं. बागेतल्या गाडीवाटेनं, साडेपाचशे मीटरची फेरी, सकाळी नऊनंतर. पहिल्या दिवशी पाच फेऱ्यांत बसलो. पंधराव्या दिवशी अठरा झाल्या. घडाखाली वाकून जावं लागतं आणि चीक लागला की कपडा गेला, म्हणून जुनी बंडी घालायची.

जळगाव (धागा काढणारा)

आबा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात त्या दहा-चौदा दिवसांची सोय आपल्या घराजवळ होती आणि मी सिंगापूरला बनियन पिळत बसलो होतो. आमच्यातले चौघे जण डिसेंबरात जाताहेत, त्यांना घेऊन येऊ का?

रावेर

विचारायचं काय त्यात. पुढच्या महिन्यापासून रोज या, नाहीतर इथंच मुक्काम करा, मळ्यात खोली आहे. नऊला पोचा. मी आठला ठिबक सोडून ठेवतो. चुंचाळे-फैजपूर बाजूनं येणाऱ्यांनी आधी फोन करावा, मधला रस्ता पावसानं खराब आहे. आणि चोपड्याच्या ताई, दिवाळीला गावी आलात की तुम्हीही या. बर्फाची पेटी भरून ठेवतो.